वैराची बोली

फिलूमावशी आपल्या दुश्मनांना सगळ्यात चांगली मासळी द्यायची. पाटी उतरवली की एकेका पापलेटाचा कल्ला उचलून बघायची, त्यातलं ताठ आणि लख्ख असेल ते बाजूला सारायची, आणि ते जायचं नेमकं ज्याच्याशी तिचं वाकडं आहे त्याच्या दारी. मर्जीतल्या माणसांना उरलेल्यातलं मधलं काहीतरी मिळायचं. तक्रार केली तर म्हणायची, "तू कुठं जाते मना सोडून?" मी तिच्या मर्जीतली होते, त्यामुळे तिच्या पाटीतलं उत्तम पापलेट माझ्या वाट्याला कधीच आलं नाही.

एकदा मी तिला सरळ कारण विचारलं. ती आमच्या जिन्याखाली बसून सुरमईचे तुकडे करत होती. "दुश्मनाला वाईट म्हावरं देऊ नये, बाय," ती म्हणाली. "वाईट दिलं का तो दुसऱ्या बाईकडं जातो. गेला का सुटला. चांगलं दिलं का रोज दार उघडते, रोज माझं तोंड बघते." मग तिनं सुरी पाण्यात बुडवली आणि मान खाली घालूनच विचारलं, "माझं तोंड रोज बघनं, ही काय कमी शिक्षा हाय?"

तिचं नाव फिलोमिना, राहणारी वसईच्या पाचूबंदरची, कोळी ख्रिस्ती घरातली. बुटकी, रुंद, लाल चौकड्याचं लुगडं नेसलेली, गळ्यात क्रूस आणि कमरेला मोबाइलची पिशवी. नवरा तरुणपणीच गेला. त्याच्या माघारी दिरानं बोटीतला तिचा वाटा गिळला. फिलूमावशी भांडली नाही, पंचांकडे गेली नाही. तिनं डोक्यावर पाटी घेतली, आणि दर नाताळाला घरात केलेल्या गोडाचं सगळ्यात मोठं ताट पहिल्यांदा दिराच्या घरी पाठवलं. तो म्हातारा होईपर्यंत हे ताट चुकलं नाही. शेवटच्या आजारात त्यानं तिला बोलावून घेतलं आणि काही बोलायला तोंड उघडलं, तर हिनं त्याच्या तोंडात नारळाच्या वडीचा तुकडा सारला. "खा भाऊ," म्हणाली, "बोलू नको, दम लागते." तो वडी चघळत राहिला आणि बोलायचं राहून गेलं.

ही हकिकत ती स्वतःच सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा इतका तृप्त व्हायचा की ऐकणाऱ्याला थोडी भीती वाटावी. देवळातले फादर तिला समजावून थकले होते. इकडे वसईत ख्रिस्ती माणसंही चर्चला देऊळच म्हणतात. "फादर म्हनतात, क्षमा कर," ती सांगायची. "मी म्हटलं, करते ना. नाय कोन म्हनते? पन आज नाय."

मी मूळची गुहागरकडची. वसईतल्या एका लहानशा हॉस्पिटलात नर्स म्हणून लागले तेव्हा माझ्याबरोबर काम करणारी शुभांगी आणि मी, दोघींनी मिळून एव्हरशाईन सिटीतल्या एका सोसायटीत भाड्यानं खोली घेतली होती. शुभांगी साताऱ्याकडची, उंच, हसरी, जिना दोन दोन पायऱ्या गाळून चढणारी. मावशीचं आमच्याकडे जाणं-येणं मासळीपुरतं होतं, पण मासळी विकणारी बाई दारात बसते तेवढ्या वेळात घरातलं सगळं ऐकते. आमच्या सोसायटीतल्या कुणाचं कुणाशी पटत नाही, कुठल्या दोन जावा एकमेकींचे वाळत घातलेले कपडे पाडतात, कोण निवडणुकीत पडलं आणि कुणामुळे पडलं, हे सगळं तिला चेअरमनपेक्षा जास्त ठाऊक होतं.

चेअरमन म्हणजे गुळवेसाहेब. निवृत्त अधिकारी, इस्त्रीचा झब्बा, बोलणं मधासारखं. साथीच्या सुरुवातीला सगळ्या देशानं संध्याकाळी थाळ्या वाजवल्या, तेव्हा आमच्या सोसायटीत सगळ्यात मोठी परात गुळवेसाहेबांच्या गॅलरीत वाजली होती. आम्ही दोघी ड्युटीवरून येत होतो. त्यांनी वरून हात जोडले, बायकांनी फुलं टाकली, कुणीतरी व्हिडिओ काढला. शुभांगी लाजून लाल झाली होती. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या वॉर्डात साथीचे रुग्ण आले, आणि ते सोसायटीत कळलं. आधी आम्हाला लिफ्ट बंद झाली. मग दूधवाल्याला आमच्या मजल्यावर जायची मनाई झाली. मग एका भरदुपारी ड्युटी संपवून आलो तर गेटला कुलूप, आणि आमच्या बॅगा गेटाबाहेर काढून ठेवलेल्या. स्वयंपाकाची भांडी एका गोणपाटात बांधली होती. घरमालकाचा फोन बंद. वॉचमन बिचारा आमच्याकडे न बघता चावी मुठीत धरून उभा.

गुळवेसाहेब गॅलरीत आले. तीच गॅलरी. "सिस्टर, पर्सनली घेऊ नका," ते म्हणाले. "माझ्या हातात काही नाही. जागा सोसायटीची आहे." शुभांगीनं विचारलं, "पण साहेब, आम्ही जायचं कुठं?" त्यावर त्यांनी पुन्हा हात जोडले. थाळ्यांच्या दिवशी जोडले होते तसेच, अगदी तंतोतंत. बाकीच्या गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. ते हात मी विसरले नाही. विसरायचा प्रयत्नही केला नाही.

रस्त्याच्या पलीकडे फिलूमावशी सुकी मासळी घेऊन बसली होती. बोटी बंद होत्या, त्यामुळे सुकट आणि बोंबील एवढाच माल. तिनं सगळं पाहिलं. शांतपणे उठली, गेटाशी आली आणि मान वर करून गुळवेसाहेबांना म्हणाली, "शेट, उद्या सुकट आनू? जाडी हाय, वाळू नाय एक कन." त्यांनाही विषय बदललेला हवाच होता. "आणा आणा," ते म्हणाले. मला तिचा इतका संताप आला की सांगता सोय नाही. तिनं आमच्या बॅगा भाच्याच्या टेम्पोत टाकल्या, आम्हाला मागं बसवलं, आणि टेम्पो पाचूबंदरच्या वाटेला लागला तेव्हा मी तोंड उघडलं. "त्या माणसाला सुकट, मावशी?" मावशी पुढं बघत म्हणाली, "पहिल्या दर्जाची."

तेव्हा मला कळलं की गुळवेसाहेब तिच्या दुश्मनांत जमा झाले.

तिच्या घराला माळा होता, तिथं जाळी ठेवत. तिनं जाळी अंगणात काढली आणि माळा आम्हाला दिला. शेजारणी कुरकुरायला आल्या, घाबरलेल्या होत्या त्याही. मावशी दारात उभी राहून म्हणाली, "माझ्या घराला चेअरमन नाय. ज्यांना भीती वाटते त्यांनी माझ्या दारावरून जाऊ नका, वाळूतून जावा." दोन दिवस लोक वाळूतून गेले. मग एकीच्या नातवाला ताप आला, ती शुभांगीला विचारायला आली, आणि वाट पुन्हा दारावरून सुरू झाली.

हॉस्पिटलात तेव्हा अंगभर घालायचे किट अगदी मोजके होते. सगळीकडेच टंचाई होती, आमच्यासारख्या लहान ठिकाणी जास्त. किट आधी डॉक्टरांना, मग अगदी आतल्या खोलीत जाणाऱ्यांना. बाकीच्यांनी पावसाळी रेनकोट घातले आणि चेहऱ्यापुढे प्लास्टिकचा कागद बांधला. शुभांगीचा रेनकोट निळा होता, बाजारातला साधा. एका धिप्पाड रुग्णाला कुशीवर वळवताना तो काखेत टरकन फाटला. ती बाहेर आली नाही, कारण तिच्या जागी जायला दुसरं कोणी नव्हतं. चिकटपट्टी लावून तिनं ड्युटी पुरी केली.

पुढच्या आठवड्यात ती आमच्याच वॉर्डात पलंगावर होती. नाकातोंडावर ऑक्सिजन, बोलणं बंद. मावशी रोज पेजेचा डबा गेटापर्यंत आणून द्यायची आणि मला विचारायची, "आज डोळे उघडलेन?" एकदा तिनं तो फाटका रेनकोट बघायला मागितला. मी धुऊन ठेवला होता. तिनं तो मांडीवर पसरला, फाटलेल्या जागेतून हात आरपार घातला. मग म्हणाली, "हिला चांगला कपडा मिळाला असता तर?" मी म्हटलं, मिळाला असता तर ती आज ड्युटीवर असती. आतल्या बाकीच्या पोरी अजून रेनकोटातच होत्या. मी पण.

आधी रीतसर मदत मागून झाली. फादरांनी विनंती केली, डॉक्टरांनी केली. मावशीचा मोबाइलवर मासळीचा ग्रुप होता, वसई-विरारची सगळी गिऱ्हाइकं त्यात. तिनं त्यावर आपल्या आवाजात निरोप टाकला. उत्तरादाखल जोडलेल्या हातांची चित्रं आली. ढिगानं आली. मावशीनं मला ती एकेक करून दाखवली. "दयेनं लोक हात जोडतात, बाय," ती म्हणाली. "हात जोडलेले असले का खिशात कसे जातील? दयेवर काय बी होत नाय. वैरावर होते."

तिला लिलाव सुचला. इकडे देवळाच्या सणाला लोक आपलं पहिलं पीक, पहिली मासळी देवाला आणून देतात आणि मिस्सेची प्रार्थना झाली की त्याचा लिलाव होतो. पण खरी गंमत पुढेच. जिंकणारा ती वस्तू घरी नेत नाही. ती परत देवाला देतो, आणि त्याच वस्तूचा लिलाव पुन्हा होतो. एक भोपळा दिवसभर विकला जातो. पाचूबंदरात हा लिलाव कैक वर्षं फिलूमावशीच पुकारायची. त्या वर्षी सण बंद देवळातच उरकला होता. मावशी म्हणाली, लिलाव मी मोबाइलवर पुकारते. बोली पैशांची नाही, किटांची. जिंकेल त्यानं किट विकत घेऊन स्वतः हॉस्पिटलच्या दारात नेऊन द्यायचे. पैशाला ती हात लावणार नव्हती.

आगाशीच्या एका वाडीवाल्यानं राजेळी केळ्यांचा घड दिला. त्याचं आणि धाकट्या भावाचं विहिरीवरून वैर होतं. रविवारी सकाळी मावशी खाटेवर बसली, घड पुढ्यात टांगला, त्याचा फोटो टाकला आणि मोबाइल तोंडाशी धरून पुकारा सुरू केला. "आगाशीच्या थोरल्या भाऊंचा घड. देवाचा घड. कोन बोलते?" कुणीतरी एक किट म्हणालं. कुणी दोन. मग ती अगदी भोळ्या आवाजात म्हणाली, "दोन किट एक वार... दोन किट दोन वार... आगाशीचे धाकले भाऊ झोपले वाटते. झोपू द्या. थोरल्यांच्या घडावर बोलायची त्यांची ऐपत पन पायजे ना." आणि थांबली. त्या थांबण्यात तिची सगळी कला होती. मोबाइल वाजला. धाकटे भाऊ दहा किट म्हणाले. पाठोपाठ थोरल्यांनी स्वतःच्याच घडावर पंधरा किट लावले.

त्या सकाळी मी रात्रपाळी करून आले होते, झोपायला हवं होतं, पण माळ्यावरून उतरून पायरीवर बसून राहिले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मला बरं वाटत होतं. मावशी दोन जावांना एकमेकींवर घालत होती. समोरासमोर दवाखाने असलेल्या दोन डॉक्टरांना घालत होती. कोणाला कोणाचं नाव टोचतं ते तिला तोंडपाठ होतं, आणि प्रत्येकाला ती नेमकं तेच नाव, नेमक्या "दोन वार"नंतर, सहज आठवल्यासारखं ऐकवायची. घड जिंकला जात होता, परत दिला जात होता, पुन्हा खाटेपुढेच लटकत होता. दारावरून जाणाऱ्या बायका थांबून पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मग ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे चमकत होते. "आता तुझा," ती म्हणाली.

गुळवेसाहेबांचा वैरी म्हणजे बी विंगचे दळवी, आधीचे चेअरमन. गुळव्यांनी त्यांना पाडलं होतं. मावशीनं पुकारलं, "घड परत देवाचा झाला. दळवीसाहेब पाच किट बोलले. काय मोठं मन! खरे चेअरमन म्हनजे दळवीच, असं लोक अजून म्हनतात. पाच किट एक वार..." गुळवे आठ म्हणाले. दळवी दहा. हे दोघे असे चढत गेले की बाकीचा ग्रुप गप्प झाला. शेवटी गुळव्यांनी आकडा असा लावला की आमच्या वॉर्डातल्या प्रत्येकीला महिनाभर पुरावा. मावशीनं "तीन वार" म्हटलं आणि मोबाइल उशीवर टाकून खाटेवर आडवी झाली. मी रडत होते. आनंद होताच, पण त्याहून जास्त काही होतं. त्या माणसाच्या खिशातून आमच्या अंगावर कपडा आला, त्याला न कळता, हे मला फार गोड लागलं.

पण खरा घाव पुढं बसला, आणि तो गुळव्यांनी आपल्याच हातानं घालून घेतला. त्यांनी ग्रुपवर विचारलं, "घड कधी मिळेल?" त्यांना रीत ठाऊकच नव्हती. विकत घेतलं म्हणजे घरी न्यायचं, एवढंच त्यांना माहीत. इथल्या कुणीही जुन्या माणसानं ही चूक केली नसती. कुणी काही सांगायच्या आत मावशीनं उत्तर दिलं, "आत्ता पाठवते, शेट." भाचा टेम्पोतून घड देऊन आला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो आले: गुळवेसाहेब ए विंगमध्ये केळी वाटताना, गुळवेसाहेब स्वतः केळं सोलताना.

मावशीनं तो फोटो डोळ्यांजवळ धरला. "खाल्लान," ती अगदी हळू म्हणाली. "देवाचा घड खाल्लान."

मग तिनं ग्रुपवर सगळ्यांना नियम ऐकवला. देवाचा घड जो खातो, त्याची बोली तुटत नाही. दर वर्षी सणाला पहिली बोली त्याची, आणि ती मागच्या वेळेपेक्षा कमी नाही. सुटायची वाट एकच: आपल्या जागेत लावलेल्या झाडाचा घड आणून परत द्यायचा. गुळवे दुसऱ्या मजल्यावर राहणारे. त्यांना कुठली जागा? हा नियम पाचूबंदरात खरंच होता, की मावशीनं त्याच सकाळी घडवला, मला आजतागायत माहीत नाही. फादरांना विचारलं तर ते चश्मा पुसायला लागले. पण ग्रुपवरच्या सगळ्या जुन्या माणसांनी लगेच "बरोबर, बरोबर" म्हणून साक्ष दिली. दळव्यांनी तर दोनदा दिली.

नियमाप्रमाणे गुळवे किट घेऊन हॉस्पिटलच्या दारात आले. मागं बॅनर, शाल, फोटोवाला, आणि खोके उतरवायला सोसायटीचा तोच वॉचमन. घ्यायला मी गेले. मी नखशिखांत झाकलेली होते, आगाशीच्या थोरल्या भाऊंनी दिलेल्या किटात. डोळ्यांवरही चश्मा. त्यांनी हात जोडले. "सिस्टर, तुमचे उपकार आम्ही कसे फेडणार?" ते म्हणाले. आत माझा घाम मानेवरून पाठीवर ओघळत होता. चश्मा काढावा, तोंड दाखवावं, विचारावं की आमची भांडी तेवढी गोणपाटात कोणी बांधली, असं इतकं जिभेवर आलं होतं. मी खोके उचलले आणि आत गेले, कारण मावशीनं मला आदल्या दिवशी शपथ घातली होती.

"सांगायचं नाय," ती म्हणाली होती. मी चिडून विचारलं, का नाही? त्याला शरम वाटू दे की. "शरम वाटली का माफी मागंल," मावशी म्हणाली. "चारचौघांत मागंल, रडंल पन. माफी मागली का तुला द्यावी लागंल. दिली का तो सुटला, रात्री घोरत झोपला. आनि शुभांगी?"

शुभांगी वाचली. पण फुप्फुसं पूर्वीसारखी झाली नाहीत. नर्सिंग सोडून ती गावी गेली, आता भावाच्या औषधाच्या दुकानात बसते. मी भेटायला गेले होते. घराला सातच पायऱ्या आहेत. मधे ती थांबली, कठडा धरला, आणि माझ्याशी हवापाण्याचं बोलायला लागली, म्हणजे थांबण्याचं कारण मला दिसू नये. परत येताना एसटीत मला पहिल्यांदा वाटलं की फिलूमावशीचा देव फादरांच्या देवापेक्षा थोडा वेगळा असेल, पण माझा तोच आहे.

साथ ओसरली. किटांच्या जागी गाऊन, हातमोजे, मास्क आले. दर सणाला पहिली बोली गुळवेसाहेबांची, आणि ती दर वर्षी चढती. मावशी दर आठवड्याला त्यांच्या दारी उत्तमातलं उत्तम पापलेट घेऊन जायची. मला वाटायचं, माणूस मोठेपणासाठी देतोय, बॅनरसाठी. पुढं पुढं बॅनर आणेनासे झाले, तेही मी मनावर घेतलं नाही. मावशीला विचारलं तर म्हणायची, "तो तुझा दुश्मन, बाय. मी नुसती राखन करते."

गेल्या पावसाळ्यानंतर मावशीचे पाय सुजायला लागले. साखर होतीच, मग हृदयानं दगा दिला. आमच्याच हॉस्पिटलात होती, मीच तिचं सगळं करत होते. तिची भाची रडत फादरांना घेऊन आली. फादरांनी शेवटचं पवित्र तेल लावलं, प्रार्थना केली आणि हळूच विचारलं, "फिलोमिना, मनात कुणाविषयी काही राहिलंय?" मावशीनं डोळे उघडले. "हाय," ती म्हणाली, "पन ते मी हिला दिलंय." आणि माझ्याकडे बोट केलं. संध्याकाळी ती गेली.

मातीला सगळं पाचूबंदर लोटलं होतं, आणि वसई-विरारची अर्धी गिऱ्हाइकं. आगाशीचे दोन्ही भाऊ आले होते, वेगवेगळ्या गाड्यांतून. माती देऊन लोक पांगायला लागले तेव्हा दफनभूमीच्या दाराशी गुळवेसाहेब उभे दिसले. खूप थकले होते. झब्बा चुरगळलेला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते माझ्याकडे आले आणि कागद बाजूला केला. केळ्यांचा लहानसा, वाकडा घड होता, बोटाएवढी केळी.

"सिस्टर," ते म्हणाले, "मला पहिल्याच वर्षी कळलं होतं, त्या दिवशी किट घ्यायला तुम्ही आला होतात ते. वॉचमननं ओळखलं होतं तुमच्या चालीवरून." त्यांना बोलायला वेळ लागत होता. "मी कितीदा मावशींकडे बोलायला गेलो. तोंड उघडलं की त्या पापलेट पुढं करायच्या. म्हणायच्या, शेट, ताजं हाय, आधी घ्या. दर वर्षी मी बोली वाढवली. वाटायचं, कधीतरी त्या म्हणतील, पुरे. त्या दुसऱ्या सिस्टर... शुभांगी... त्यांचं मला कळलंय. त्यानंतर ए विंगमध्ये मी कुणाशी नीट बोलू शकलेलो नाही." त्यांनी घड पुढं केला. "म्हणून हे झाड लावलं. तीन वेळा मेलं. आता धरलं. मावशींच्या हातात द्यायचा होता."

खोटं नव्हतं ते. इतकं मला कळतं, मी रोज माणसं बघते. आजूबाजूची चार माणसं थांबली होती. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणजे मी आता घड घ्यावा आणि सगळं गोड व्हावं. फादरही बघत होते. माझ्या डोळ्यांपुढं सात पायऱ्या होत्या आणि कठड्यावरचा एक हात.

"झाड कुठं लावलंत?" मी विचारलं.

"पार्किंगच्या मागं," ते म्हणाले. "कंपाउंडच्या भिंतीला लागून."

"म्हणजे सोसायटीच्या जागेत," मी म्हटलं. "नियम आपल्या जागेतल्या झाडाचा आहे. पर्सनली घेऊ नका, साहेब. माझ्या हातात काही नाही."

त्यांनी घड हळूहळू पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला, बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसा. मला वाटलं आता जातील. ते गेले नाहीत. ताज्या मातीकडे बघत, मान खाली घालून, त्यांनी विचारलं, "या वर्षी वॉर्डात काय कमी आहे, सिस्टर?"

मी सांगितलं. गाऊन कमी आहेत.

"किती?"

"ते मी नाही सांगायचं," मी म्हटलं. "बोली तुमची आहे."